एकशे वीसपैकी एकोणीस

३ फेब्रुवारी

भावोजी,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तुम्ही हे पत्र न फोडता ठेवून दिलंत, तर माझी तक्रार नाही. फाडलंत तरी नाही. सहा वर्षं मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही, आणि आता अचानक लिहायला बसले, म्हणजे वहिनीचं काहीतरी काम अडलं असणार असं तुम्हाला वाटेल. तसं काम काही अडलेलं नाही. उलट फार सुरळीत चाललंय, आणि तेच मला बघवत नाही.

त्या तेलविहिरीचा विषय पुन्हा निघाला आहे. आटल्यापासून तो सगळा भाग कुलूप लावल्यासारखा पडून होता. आता कंपनीला त्याच फॉल्टच्या पलीकडे दुसरी विहीर खणायची आहे, आणि त्याआधी अनिश्चिततेचा अभ्यास नव्याने हवा आहे. मी मेअखेर निवृत्त होते. वाटलं होतं, शेवटचे चार महिने कपाटं आवरण्यात जातील. पण साहेब म्हणाले, "मॅडम, हे तुम्हीच करा. तुम्हाला त्या जागेची खडान्‌खडा माहिती आहे." खडान्‌खडा! तुम्ही समोर असता तर चहा सांडेपर्यंत हसला असता. आयुष्यभर खडे चाळले तुम्ही, ऑफिसभर दगडोबा म्हणून नाव पडलं तुमचं, आणि माहिती म्हणे मला.

तिसरा मजला तसाच आहे. खिडकीतून तेच गाड्यांचे टप दिसतात. तुमच्या टेबलावर आता मोठा प्रिंटर ठेवलाय आणि तो तुमच्यासारखाच न सांगता मध्येच सुरू होतो.

तर आज सकाळी मी नवी फाइल उघडली आणि नमुने कसे काढायचे त्याची मांडणी करायला बसले. तुम्ही माझ्या कामाला सोडत म्हणायचात. "मॅडम, आज किती चिठ्ठ्या काढल्या?" मला त्याचा राग यायचा, आणि राग येतो हे तुम्हाला ठाऊक होतं म्हणून तुम्ही रोज विचारायचात. तुमच्या दादांना मी एकदा जेवताना समजावून सांगितलं होतं, ते आठवतं? म्हटलं, जमिनीखाली तीन किलोमीटरवर काय आहे ते कुणी पाहिलेलं नाही. खडकात छिद्रं किती, थर जाड किती, तेल कुठे संपतं आणि पाणी कुठे सुरू होतं, अशा सहा गोष्टी आपल्याला नक्की माहीत नाहीत. मग प्रत्येकीला एक खालचा आकडा द्यायचा आणि एक वरचा. मधल्या अंतराचे एकशे वीस सारखे काप करायचे आणि प्रत्येक कापातून एकच आकडा उचलायचा, म्हणजे कुठलाही कोपरा सुटत नाही. मग सहाही गोष्टींचे आकडे एकमेकांत पिसायचे. झाली एकशे वीस मॉडेल्स. प्रत्येक मॉडेल म्हणजे जमिनीखाली असं असू शकेल, असा एक अंदाज. प्रत्येकातून संगणकावर वीस वर्षं तेल उपसून बघायचं. आमच्या भूगोलाच्या मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "एवढं करूनही नक्की काही सांगता येत नाही, ते नाहीच?" तुम्हाला ठसका लागला होता.

या सहा गोष्टींतली सहावी म्हणजे फॉल्ट. खडकाला उभी गेलेली ती भेग तेल पलीकडे जाऊ देते की अडवते, त्याला आपण शून्य ते एक अशी पट्टी लावली होती. शून्य म्हणजे ठार बंद, एक म्हणजे सताड उघडी.

जुना तक्ता आज समोर आला. फॉल्टची ओळ: खालचा आकडा ०.२, वरचा १. स्रोत: भूशास्त्रज्ञ. पुढे तुमची आद्याक्षरं. ती ओळ वाचून मला खुर्चीत बसवेना. त्या वेळी कुठेतरी गफलत झाली होती हे आता माझ्या लक्षात येतंय, आणि ते तुम्हाला कळवावं असं वाटलं. एवढ्याचसाठी हे पत्र.

जाऊबाईंना आठवण सांगा. चालणार असेल तर.

वहिनी


२० फेब्रुवारी

भावोजी,

परवा जाऊबाईंचा फोन आला. त्या म्हणाल्या, "पत्र वाचलं त्यांनी. दोनदा वाचलं. मग खडीच्या पिशव्या स्कूटरवर टाकून लॅबला निघून गेले." मी विचारलं, काही म्हणाले का? तर म्हणाल्या, "म्हणाले, वहिनीला सांग, गफलत नव्हती ती."

नव्हती. मान्य आहे. "आता लक्षात येतंय" असं जे मी लिहिलं, तेही खोटं आहे. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. बघा, माफी मागायला बसले आणि पहिल्याच पत्रात पुन्हा खोटं लिहून बसले. सवय वाईट.

आता सरळ लिहिते.

तुम्ही मला तो आकडा आमच्या स्वयंपाकघरात सांगितला होता. सुट्टीचा दिवस होता. तुमचे दादा बाहेरच्या खोलीत पेपर तपासत होते आणि तुम्ही ओट्याला टेकून उभे होतात. खिशात त्या भेगेतून निघालेल्या खडकाचा फोटो होता, तो तुम्ही माझ्या कणकेच्या हातापुढे धरलात. म्हणालात, "वहिनी, हे बघा, नुसती चिकणमाती भरलीये आत. बोट ओलं करून चोळलं तर साबणासारखी लागते. ही भेग बंद असू शकते. अगदी ठार बंद. तुम्ही शून्यापासून धरा." मी म्हटलं, धरते. तुम्ही म्हणालात, "कागदावर लिहून देऊ?" आणि मी म्हटलं, "घरच्या माणसाकडून कागद कसले घ्यायचे?"

दुसऱ्या कुणाकडूनही मी सहीचा कागद घेतल्याशिवाय आकडा भरला नसता. हा माझा नियम होता आणि त्यासाठी मी ऑफिसात बदनाम होते. तुमच्यासाठी तेवढा मोडला.

सोमवारी मी शून्य भरलं. स्रोताच्या रकान्यात तुमची आद्याक्षरं टाकली. एकशे वीस मॉडेल्सचे रन लावले आणि तीन दिवसांनी बघते तर एकशे एक पूर्ण झालेले, एकोणीस मध्येच पडलेले. सगळेच्या सगळे एकोणीस फॉल्टच्या तळच्या कापांतले. भेग फार घट्ट धरली की दाब एका बाजूला एकदम कोसळतो, संगणकाचं गणित जुळत नाही आणि तो हात टेकतो. तुम्हाला हे नवीन नाही.

साहेबांना पुढच्या सोमवारी वरच्या मंडळींपुढे उभं राहायचं होतं. त्यांनी तक्ता पाहिला आणि म्हणाले, "मॅडम, ही एकोणीस भोकं घेऊन मी जाऊ तिथे? चाळणी दिसतेय ही." मी म्हटलं, बघते काहीतरी. आणि शून्य खोडून तिथे ०.२ टाकलं. पुन्हा एकशे वीस रन लावले. एकशे वीसच्या एकशे वीस पूर्ण झाले.

आकडा मी बदलला, पण स्रोताचा रकाना सॉफ्टवेअर आपणहून तसाच पुढे नेतं. तो मी पाहिला नाही. निदान छापील तक्ता हातात येईपर्यंत पाहिला नाही. माझा आकडा, तुमची आद्याक्षरं. हे सगळं यंत्राच्या अडचणीमुळे झालं, आणि वेळ नव्हता, एवढंच त्यात होतं.

लिहून जरा मोकळं वाटतंय.

वहिनी


११ मार्च

भावोजी,

मोकळं वाटलं होतं ते दोन दिवस. मग पुन्हा झोप उडाली, कारण मागच्या पत्रातही मी हिशेब अर्धाच मांडला. तुम्हाला गणित येतं, तुमच्या ध्यानात आलंच असेल. शून्य ते ०.२ म्हणजे एकशे विसातले चोवीस काप. पडले एकोणीस. उरलेल्या पाचांचं काय झालं?

ते पाच पूर्ण झाले होते. मी ते उघडून पाहिले. पाचांपैकी तिघांत विहीर पहिल्या वर्षातच आटत होती.

म्हणजे तुमचं म्हणणं यंत्राला पेललं नाही असं नव्हे. जिथे जिथे पेललं, तिथे बहुतेक वेळा ते तुमच्याच बाजूने बोललं. मी ते वाचलं, संगणकावरची ती खिडकी बंद केली आणि मग शून्याच्या जागी ०.२ टाकलं. क्रम हा असा आहे. त्याला यंत्राची अडचण म्हणता येत नाही.

का केलं? हे मी स्वतःला इतक्या वेळा विचारलंय की आता उत्तर पाठ झालंय. गटप्रमुखाची जागा रिकामी होणार होती आणि साहेबांच्या मनात माझं नाव होतं, हे एक. पण खरं सांगू? त्याहून क्षुद्र कारण आहे. त्या तीन ओळी वाचल्या तेव्हा मला तुमचा चेहरा दिसला. "काय मॅडम, निघाली ना माझी चिठ्ठी?" असं तुम्ही सगळ्यांसमोर म्हणणार, आणि मी हसून घ्यायचं. वीस वर्षं हसून घेतलं होतं. त्या दिवशी नको वाटलं. एवढ्याशा गोष्टीवरून माणूस किती खाली जातो ते मला स्वतःवरून कळलं.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, तरी माझ्या तोंडून ऐका. विहीर खणली. सात आठवडे चांगली वाहिली. साहेबांनी सगळ्यांना पेढे वाटावेत तसे ईमेल वाटले. मग दाब उतरायला लागला आणि चौथ्या महिन्यात विहीर बंद केली. चौकशी बसली. त्या लांब टेबलाशी तिघं बसले होते, आणि तुम्ही म्हणालात, "मी ०.२ दिलेलाच नाही. मी वहिनींना शून्य सांगितलं होतं." ऑफिसात तुम्ही मला कायम मॅडम म्हणायचात. त्या दिवशी घाबरून वहिनी म्हणालात, आणि तिघांतला एक जण हसला.

त्यांनी मला विचारलं, "मॅडम, असं काही बोलणं झालं होतं?"

मी म्हटलं, "मला आठवत नाही."

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. चिडून नाही पाहिलंत. मला खरंच आठवत नसेल असं तुम्हाला वाटलं असावं, कारण तुम्ही मला आठवण करून द्यायला लागलात: "वहिनी, तुम्ही कणीक मळत होतात." मी पाण्याचा ग्लास उचलला.

अहवालात त्यांनी तुमच्यावर दोन ठपके ठेवले. मर्यादा चुकीची दिली, आणि नंतर ती नाकारली. पहिल्याने नोकरी गेली नसती. आकडे सगळ्यांचेच चुकतात, आमचा धंदाच तो आहे. दुसऱ्याने गेली. खोटं बोलणारा भूशास्त्रज्ञ कोण ठेवून घेणार? चार ठिकाणी तुम्ही अर्ज केलेत आणि चारही ठिकाणांहून नकार आला, हे मला इथे बसून कळत होतं, कारण तिथली माणसं मलाच फोन करून विचारायची. मी म्हणायची, घरचं माणूस आहे, मी काय बोलू? असं म्हटलं की समोरचा समजून जायचा. त्याहून स्पष्ट बोलायची गरजच नव्हती. डोंगर वाचणारा माणूस रस्त्याच्या खडीचे तुकडे मोजायला लागला तो यामुळे.

आणि घरी. तुम्ही त्या संध्याकाळी आलात तेव्हा दार तुमच्या दादांनी उघडलं. त्याआधी तासभर ते मला विचारत होते, "तो म्हणतो तसं झालं होतं का? मी बाहेर होतो, मला काही ऐकू आलं नाही." मी म्हटलं, "ते गोंधळलेत बिचारे. नोकरीचा प्रश्न आहे, कुणावर तरी ढकलणारच." बिचारे म्हटलं मी तुम्हाला. म्हणून तर दारात ते तुम्हाला म्हणाले, "स्वतःची चूक माझ्या बायकोच्या पदरात टाकतोस? पुन्हा या घरी येऊ नकोस." तुम्ही चपलाही काढल्या नव्हत्या.

मी आत ओट्यापाशी उभी होते. दोन पावलं टाकली असती तर पुढचं सगळं टळलं असतं. नाही टाकली.

जुन्या पहिल्या रनची नोंद माझ्याकडे आहे. एकशे वीस ओळी, शून्यापासून सुरू होणाऱ्या, तारखेसकट. ती मी त्याच आठवड्यात माझ्या वेगळ्या फोल्डरमध्ये हलवली होती आणि तेव्हापासून कुणाला दाखवली नाही. यावेळच्या अभ्यासाला बाहेरून एक परीक्षक बाई नेमल्या आहेत. सोमवारी ती नोंद आणि माझं निवेदन त्यांच्या हातात देणार आहे. साहेबांना आज सांगितलं. ते म्हणाले, "मॅडम, अडीच महिने राहिलेत. कशाला स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेता?" मी म्हटलं, माझ्या पायावर पडायचा होता तो सहा वर्षांपूर्वी दुसऱ्याच्या पायावर पडला. त्यांना काही ते पटलं नाही.

वहिनी


२ एप्रिल

भावोजी,

सोबत एक कागद आहे. आधी तो वाचा, मग हे.

परीक्षक बाई माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान असतील. बारीक अंगाच्या, बोलायला तुसड्या, मला आवडल्या. त्यांनी माझं निवेदन वाचलं, जुनी नोंद उघडली, तळच्या चोवीस ओळी एकेक करून पाहिल्या आणि विचारलं, "हे पडलेले रन तुम्ही लहान कालपावलांनी पुन्हा चालवून का नाही पाहिले?"

म्हणजे महिन्याच्या उडीऐवजी दिवसादिवसाने पुढे जायचं, की संगणकाचं गणित जुळतं. कुठलाही शिकाऊ माणूस हेच सुचवेल. यावेळी मी तेच केलं. दोनशे चाळीस मॉडेल्स, फॉल्ट शून्यापासून, आणि तळचे सगळे रन दिवसादिवसाने. एकही पडला नाही. दोन दिवस जास्त लागले फक्त. तेव्हाही दोनच लागले असते. साहेबांना मी म्हणू शकले असते, सोमवारऐवजी बुधवारी देते.

मी बाईंना म्हटलं, "सुचलं होतं. करायचं नव्हतं."

त्यांनी ते तसंच लिहून घेतलं. मग पेन खाली ठेवून विचारलं, "एवढी वर्षं थांबलात, मग आताच का?" निवृत्तीची भीती म्हणा. टेबल रिकामं करताना तो फोल्डर कुठे न्यायचा ते कळेना, असंही म्हणता येईल. मोठं उदात्त कारण काही नाही, भावोजी. उगाच मनात आणू नका.

परवा बैठक झाली. साहेब होते, वरचे दोघं होते. चौकशीच्या अहवालातले तुमच्यावरचे दोन्ही ठपके काढले. सोबतचा कागद त्याचाच आहे, शिक्क्यासकट. त्यात "आकडा मूळ स्रोताला न विचारता बदलण्यात आला" असं वाक्य आहे. कुणी बदलला तेही पुढच्या ओळीत आहे. ते त्यांनी गाळायचं ठरवलं होतं, माझ्या वयाकडे बघून. मी म्हटलं, घाला. जिथे जिथे तुम्ही अर्ज केला होतात त्या चारही ठिकाणी हा कागद पाठवायचं त्यांनी कबूल केलंय. मी पाठपुरावा करीन. पाठपुराव्यात मी कशी आहे ते तुम्हाला माहीत आहे, लोक मला बघून जिना बदलतात.

मला उद्यापासून यायला नको सांगितलंय. निरोपसमारंभ होणार नाही. बरंच झालं, नाहीतर साहेबांचं भाषण ऐकावं लागलं असतं. कपाट आवरायला गेले तेव्हा सगळ्यांच्या नजरा संगणकाच्या पडद्याकडे. सहा वर्षांपूर्वी तुम्ही टेबल आवरलंत तेव्हा माझीही अशीच होती.

तुमचं नाव धुऊन निघालं, एवढं माझ्या हातून झालं. तुमची सहा वर्षं मला परत आणता येत नाहीत, आणि तुमच्या दादांनाही नाही. ते गेले त्या दिवशी तुम्ही आलात, फाटकाबाहेर रस्त्याच्या कडेला दोन तास उभे राहिलात आणि तसेच परत गेलात. मी वरून पाहत होते. तुम्हाला आत या म्हणायचा हक्क आपल्याला उरलेला नाही असं मला वाटलं, आणि तेवढं वाटून घेऊन मी पडदा ओढला.

उत्तर नाही आलं तरी चालेल.

वहिनी


१३ एप्रिल

भावोजी,

तुमचं पत्र काल मिळालं. सहा ओळींचं. तुमचं अक्षर अजून तसंच, दगडावर कोरल्यासारखं. वाचून झाल्यावर ते टेबलावर ठेवलं, आणि आज हे लिहायला घेईपर्यंत मी त्या खोलीत गेले नाही.

तुम्ही लिहिलंय: "कागद मिळाला. फाइलला लावला. बायकोला रडू आलं, मला नाही आलं. एकच विचारायचं आहे. दादा अकरा आठवडे आजारी होता. मला तो गेल्यावर कळलं, तेही बाहेरून. त्याने मला एकदाही बोलावलं नाही का? शेवटपर्यंत तो मला खोटारडाच समजत होता का? खरं काय ते लिहा. नसेल बोलावलं तर तसं लिहा."

ठपक्यांबद्दल एक अक्षर नाही. नोकरीबद्दल नाही. मी इतकी पत्रं ज्यासाठी लिहिली ते तुम्ही एका ओळीत फाइलला लावून टाकलंत, आणि जे मी कुठल्याच पत्रात येऊ दिलं नव्हतं तेवढं नेमकं विचारलंत. "नसेल बोलावलं" असं लिहून तुम्ही मला पळवाटही ठेवलीत. ती घ्यावीशी वाटली. काल दिवसभर वाटत होती. "नाही बोलावलं" असं मी लिहिलं असतं तर तुम्ही विश्वास ठेवला असतात, आणि ते खोटं पाडायला आता कुणी उरलेलं नाही.

भावोजी, त्यांनी बोलावलं होतं.

सातव्या आठवड्यात, हॉस्पिटलात. दुपारची वेळ होती, त्यांना नुकतं सूप दिलं होतं आणि त्यांनी ते निम्मं टाकलं होतं. म्हणाले, "दगडोबाला फोन लाव." मी म्हटलं, आता कशाला, दमाल. तर म्हणाले, "लाव गं. त्याला म्हणावं, माझं चुकलं असेल. त्या दिवशी मी त्याचं नीट ऐकूनच घेतलं नाही. दारातूनच हाकललं. त्याचं म्हणणं काय होतं ते मला एकदा त्याच्या तोंडून ऐकायचंय."

त्याच्या तोंडून. तुम्ही येणार, पलंगाशेजारी बसणार, आणि ते स्वयंपाकघर, तो फोटो, ते शून्य सगळं सांगणार. आणि मग ते मान वळवून माझ्याकडे बघणार. मला एवढंच दिसलं.

मी फोन घेऊन बाहेरच्या पॅसेजमध्ये गेले. खिडकीपाशी उभी राहिले आणि फोन कानाला लावला. नंबर लावलाच नाही. पाचेक मिनिटं तशीच उभी होते, म्हणजे काचेतून त्यांना दिसलं तर दिसावं. आत येऊन म्हटलं, "लागत नाही."

ते म्हणाले, "रेंज नसेल. डोंगरात असेल कुठेतरी." तुम्ही खडी मोजता हे त्यांना मी कधी कळू दिलं नव्हतं. त्यांच्या मनात तुम्ही अजून हातोडी घेऊन डोंगरातच फिरत होतात.

चार दिवसांनी पुन्हा विचारलं. मी सांगितलं, निरोप पोचलाय, येतो म्हणालेत. हे का सांगितलं ते मला आजही कळत नाही. तेवढ्यापुरतं त्यांचं समाधान व्हावं म्हणून सांगितलं असावं. झालं समाधान. त्या दिवशी ते सगळं सूप प्याले.

खोटारडा नव्हते समजत ते तुम्हाला. तुमची वाट बघत होते. खोलीत पाहुण्यांसाठी एकच खुर्ची होती, मी पलंगाच्या कडेवर बसायची. शेजारच्या पेशंटकडे माणसं खूप यायची, म्हणून नर्स ती खुर्ची तिकडे न्यायला बघायची. ते तिला म्हणायचे, "राहू दे सिस्टर, माझा भाऊ यायचाय." शेवटचे चार आठवडे रोज म्हणायचे. मी तिथेच बसलेली असायची.